जुना फ्लॅट घेण्याआधी होम इन्स्पेक्शन करून घ्यावं का? (कोथरूड, १९९४ ची इमारत)

रानजाई | ३ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे फक्त वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

कोथरूडला एक रिसेल फ्लॅट पसंत पडलाय. १९९४ ची इमारत, पार्किंग आणि वर तीन मजले, आमचा तिसरा, म्हणजे वर थेट गच्ची. ६४० चौरस फूट कार्पेट, मागणी ९५ लाख. उजेड भरपूर, खिडकीत सोनमोहोर. मालक सत्तरीचे काका-काकू, मुलाकडे बंगळूरला कायमचे निघालेत. घर नुकतंच रंगवलंय, बेडरूमला नवं पीओपीचं सीलिंग केलंय.

ऑफिसातली मैत्रीण म्हणते, विसार देण्याआधी माणूस आणून तपासून घे. नवरा म्हणतो, बघू. सासरे म्हणतात, "आम्ही तीन घरं घेतली, एकदाही कुणाला हातोडी घेऊन नेलं नाही." एजंट रोज फोन करून सांगतोय की दुसरी पार्टी तयार आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. काकूंनी दोन्ही वेळा पोहे खाऊ घातले. बत्तीस वर्षांचा संसार खोलीखोलीतून फिरून दाखवला. त्या घरात भिंती ठोकून बघणारा माणूस कोणत्या तोंडाने नेऊ?

साधारण १४ हजार सांगतायत. सार्थकी लागतात का?

मध्यमवर्गीय | ३ जून, रात्री ११:०५

नाही लागत. १९८९ साली मी फ्लॅट घेतला तेव्हा नळ सोडून पाहिला, फ्लश ओढला, शेजाऱ्यांना विचारलं "पाणी किती वेळ येतं", संपलं. अजून उभा आहे. मीही, फ्लॅटही.

हे सगळं अमेरिकेतून आलेलं फॅड आहे. आणि एक लक्षात घ्या, १४ हजार घेणारा माणूस "सगळं उत्तम आहे" असं लिहून देईल का? त्याला चाळीस पानं भरायचीच असतात. स्विचबोर्ड दोन मिलिमीटर तिरका असल्याचाही फोटो काढेल.

पाटपाणी | ३ जून, रात्री ११:२०

सोनमोहोर दिसला म्हणजे फ्लॅट पक्का झालेला आहे, आता फक्त चर्चा चालू आहे. :)

ताकभात | ४ जून, सकाळी ८:१५

माझा अनुभव नव्या फ्लॅटचा आहे, तरी सांगते.

रावेतला २०२२ मध्ये पझेशन मिळालं. चाव्या घ्यायच्या आधी तपासणारा माणूस न्यायचं ठरवलं तर बिल्डरचा साइट इंजिनिअर म्हणाला, बाहेरच्या एजन्सीला परवानगी नाही. मग त्या माणसाला मी मामा म्हणून नेलं. मामांच्या पिशवीतून लेव्हल बॉटल, लेझर मीटर, ओल मोजायचं यंत्र आणि टोकाला गोळी असलेली स्टीलची काठी निघाली, तेव्हा सुपरवायझरच्या चेहऱ्यावरून कळलं की त्याला कळलंय. पण तो काही बोलला नाही.

एकूण ६१ मुद्दे निघाले. निम्मे मध्यमवर्गीय म्हणतात तसे, तिरके स्विचबोर्ड, दाराची पॉलिश वगैरे. पण त्यात हेही होतं: मास्टर बाथरूमचा उतार जाळीकडे नसून दाराकडे होता. किचनच्या दोन सॉकेटांना अर्थिंगच नव्हतं, नुसती तीन भोकं. हॉलच्या २३ टाइल्स पोकळ, काठी फिरवली की बद्द आवाज. बाल्कनीच्या स्लायडिंगला पाणी बाहेर जायची भोकं सिमेंटने बुजलेली, म्हणजे पहिल्या पावसात पाणी हॉलमध्ये.

उतार दुरुस्त करायला त्यांनी अख्खी लादी उखडली. हे मी राहायला गेल्यावर झालं असतं तर? माझ्या समोरच्यांनी आधी इंटिरिअर केलं, बाथरूमच्या टाइल्स हौसेने बदलल्या आणि मग खालच्या मजल्यावर गळती निघाली. बिल्डरने करारनाम्यातलं कलम दाखवलं: लेखी परवानगीशिवाय बाथरूम-किचनच्या कामाला हात लावला तर दोषदुरुस्तीची जबाबदारी संपते. झालं. खर्च त्यांच्या गळ्यात.

काळाकोट | ४ जून, सकाळी ९:५०

ताकभात यांनी सांगितलेलं कलम बरेच बिल्डर करारनाम्यात घालतात. नव्या घराला रेरा कायद्याचं कलम १४(३) लागू होतं: ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला वा कारागिरीतला दोष लेखी कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई. पूर्वी मोफा (महाराष्ट्राचा जुना फ्लॅट-मालकी) कायद्यात हीच मुदत ३ वर्षं होती.

रानजाई, तुमच्या १९९४ च्या इमारतीला यातलं काहीही लागू नाही. तुमच्यासाठी उरतो मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५. त्यात विकणाऱ्याने दोष उघड करावा असं आहे, पण कोणता दोष? जो त्याला माहीत आहे, तुम्हाला नाही, आणि सामान्य दक्षता घेऊनही तुम्हाला सापडला नसता असा. शेवटचे शब्द परत वाचा. छतावर ओलीचा डाग दिसत होता आणि तुम्ही सोनमोहोर बघत बसलात, तर कायदा तुमच्या बाजूने धावत येणार नाही. बघायची जबाबदारी तुमच्यावर टाकलेली आहे.

व्यावहारिक सल्ला: विसार पावतीत एक ओळ घाला. "तांत्रिक तपासणी समाधानकारक न आढळल्यास विसाराची रक्कम ७ दिवसांत विनाकपात परत." मालक या ओळीवर सही करायला किती खळखळ करतो यावरूनही बरंच कळतं.

रानजाई | ४ जून, दुपारी १:३०

सोनमोहोरावर किती जण घसरणार आहात ते आधीच सांगा.

काळाकोट, धन्यवाद, ओळ लिहून घेतली. पण बँक तर स्वतःचा व्हॅल्युअर पाठवतेच ना? तो बघणार नाही का?

सिव्हिलकाका | ४ जून, रात्री ९:१०

बँकेचा व्हॅल्युअर बँकेसाठी येतो. कर्ज बुडालं तर घर विकून पैसे सुटतील का, एवढाच त्याचा प्रश्न. दहा मिनिटं, चार फोटो, टेप लावून क्षेत्रफळ, आजूबाजूचे दर. तुमच्या बेडरूममध्ये प्लॅस्टर पडेल का हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

चाळीस वर्षं या धंद्यात काढली, आता निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

पहिली गोष्ट, तुमच्या पोस्टमध्ये मला दोन शब्द खटकले. नवा रंग आणि नवं पीओपी. काका-काकूंवर संशय नाही, विकायच्या आधी घर रंगवायचा सल्ला एजंटच देतात. पण वर गच्ची असलेल्या बेडरूमला, घर सोडून जाणारी माणसं नवं सीलिंग का करतील? त्या सीलिंगच्या वर काय आहे ते बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. फोडायची गरज नाही. एक दिवा खाली उतरवला की पडतं त्या भोकातून मोबाइल आत घालून फोटो काढता येतात.

दुसरी गोष्ट. जुनी इमारत घेताना लोक फ्लॅट बघतात. फ्लॅट शेवटी बघायचा. आधी पार्किंगमध्ये जा आणि कॉलम बघा. खालच्या फूट-दोन फुटांत उभी, सळईच्या रेषेत गेलेली भेग आहे का? आडव्या-तिरक्या बारीक केसासारख्या भेगा गिलाव्याच्या असतात, त्यांना घाबरू नका. पण सळईला समांतर जाणारी भेग म्हणजे आतली सळई गंजून फुगली आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. मग बाहेरून इमारतीभोवती फिरा, संडासच्या डक्टमध्ये मान घालून वर बघा. पाइपांच्या सांध्यांपाशी पिंपळ उगवला असेल तर तिथे पाणी बारमाही आहे. मग गच्ची. कोबा (गच्चीवरचा पाणी अडवणारा थर) किती जुना, त्याला भेगा किती, पॅरापेटच्या, म्हणजे कठड्याच्या, कडेच्या वाटा (कोपऱ्यातला गोलसर गिलावा) शाबूत आहेत का, पावसाळी पाइपाच्या तोंडाशी जाळी आहे की नुसता पालापाचोळा. टाकीखालची जागा जरूर बघा, तिथे कुणी जात नाही.

हे सगळं तुम्ही स्वतः करू शकता, फुकट. मग पैसे देऊन माणूस कशाला? तर "भेग आहे" हे तुम्हाला दिसेल, ती जिवंत आहे की मेलेली हे कळणार नाही. आम्ही पूर्वी भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख घालून ठेवायचो. महिन्या-दोन महिन्यांनी काच तुटली असेल तर भेग हलतेय. आता यंत्रं आली. अल्ट्रासोनिक चाचणीत काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते मोजतात. सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं, ४.५ च्या वर उत्तम, ३ च्या खाली गेलं की शंका घ्यायची. दुसरी एक साधी चाचणी मला फार आवडते, फिनॉल्फ्थॅलिनची. काँक्रीटला छोटं भोक पाडून त्यावर फवारतात. निरोगी काँक्रीट गुलाबी होतं. जिथे हवेतला कार्बन डायॉक्साइड मुरून काँक्रीटचा अल्कलीपणा गेला आहे तिथे रंगच येत नाही. ती रंगहीन पट्टी सळईपर्यंत पोचली असेल तर सळईचं कवच गेलं, आता ओल आली की गंज ठरलेला. शाळेत प्रयोगशाळेत केलं असेल सगळ्यांनी.

नुसती स्प्रिंगची हातोडी मारून "बिल्डिंग मजबूत आहे" सांगणारा आला तर विश्वास ठेवू नका. ती हातोडी पृष्ठभागाचा कडकपणा सांगते, पोटातलं नाही.

आणि माणूस निवडताना सांभाळा. होम इन्स्पेक्शनच्या धंद्याला आपल्याकडे स्वतंत्र परवाना नाही, उद्या कुणीही पाटी लावेल. नव्या फ्लॅटच्या टाइल्स वाजवायला ते लोक ठीक. तीस वर्षांच्या इमारतीला महापालिकेचा परवाना असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअरच बोलवा. जो तपासणी करतो आणि वॉटरप्रूफिंगचंही काम घेतो, त्याला दारातूनच नमस्कार. त्याला तुमच्या घरात ओल सापडणारच.

काकूंच्या पोह्यांबद्दल: सरळ सांगा. "काका, आयुष्यभराची पुंजी लावतोय, एकदा इंजिनिअरला दाखवते." खोटं कारण सांगू नका. नोकरी करून घर घेतलेल्या माणसाला हे वाक्य समजतं.

चिंचपोकळी_लोकल | ४ जून, रात्री ११:४५

पुणेकरांचं बरं आहे, तीस वर्षांच्या बिल्डिंगला जुनी म्हणतात. आमची बिल्डिंग १९४० च्या आधीची, सेस (दुरुस्ती कर) भरणारी, म्हाडाच्या कागदावर 'अ' वर्गात. दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी येते, सगळे आपापलं नाव शोधतात, दहावीच्या निकालासारखं.

एक गोष्ट सांगतो. माझ्या मावसभावाने उपनगरात १९८० सालातल्या सोसायटीत वन बीएचके घेतला. आतून चकाचक. घेतल्यावर आठ महिन्यांत इमारत सी-१ मध्ये गेली, म्हणजे रिकामी करा आणि पाडा. स्ट्रक्चरल ऑडिट तो फ्लॅट बघायला गेला तेव्हाच चालू होतं! मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट कायद्यानेच करायला लागतं. विकणाऱ्याला माहीत होतं, कमिटीला माहीत होतं, वॉचमनला माहीत होतं. ह्याने कुणाला विचारलंच नाही. आता हप्ता इथला भरतो आणि भाडं तिथलं.

इंजिनिअर आणायच्या आधी सोसायटीच्या ऑफिसात जा ताई. ऑडिट रिपोर्ट मागा.

सिव्हिलकाका | ५ जून, सकाळी ७:३०

अगदी बरोबर, माझ्याकडून राहिलं. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा, ३० वर्षांपुढे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. होतं किती ठिकाणी ते विचारू नका.

आणखी एक. मागच्या तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं मागा. तुम्ही अजून सभासद नाही म्हणून तुम्हाला देणार नाहीत, पण काकांना मिळतील. गच्चीच्या गळतीवर किती वेळा भांडण झालं, वर्गणी कुणी अडवली, सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्त्यांसाठीच्या राखीव निधीत) किती आहे, सगळं त्यात असतं. कुठलंही यंत्र हे सांगत नाही.

मध्यमवर्गीय | ५ जून, सकाळी ९:००

सगळं मान्य. पण मूळ मुद्दा कुणी बोलतच नाही. कोथरूडात १९९४ ची तीन मजली इमारत घेणारा माणूस भिंती घेत नाही, जागा घेतो. चार-पाच वर्षांत रिडेव्हलपमेंट. मग काँक्रीट गुलाबी होतं की निळं, काय फरक पडतो? जेसीबी दोन्ही सारखंच पाडतो.

सिव्हिलकाका | ५ जून, सकाळी १०:२०

मुद्दा खरा आहे, मी हसण्यावारी नेणार नाही. पण "चार-पाच वर्षांत" हे कुणी सांगितलं? एजंटने? समोरचा रस्ता किती रुंद आहे ते आधी मोजा. किती बांधता येईल ते रस्त्यावर ठरतं, ९ मीटरच्या आतला रस्ता असेल तर बिल्डर फिरकत नाहीत. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का? बारा सभासदांची बारा तोंडं आहेत का? कोथरूडातच दहा-दहा वर्षं नुसत्या सभा घेणाऱ्या सोसायट्या मला माहीत आहेत. ती दहा वर्षं त्या बेडरूममध्ये कुणीतरी झोपणार आहे.

न्यूजर्सीकर | ५ जून, संध्याकाळी ७:१५ (तुमच्याकडे)

"अमेरिकेतून आलेलं फॅड" वाचून राहवलं नाही. इथे न्यू जर्सीत इन्स्पेक्टरला राज्याचं लायसन्स लागतं. करारावर सह्या झाल्या की वकिलाला करार तपासायला तीन कामाचे दिवस मिळतात, मग तपासणीची मुदत. तपासणीत काही मोठं निघालं तर किंमत कमी करून घ्या, दुरुस्ती करून घ्या, किंवा सोडून द्या. म्हणजे काळाकोट जी ओळ घालायला सांगतायत ती इथे छापील फॉर्ममध्येच असते. आमच्या वेळी अंगणात पुरलेली जुनी तेलाची टाकी आहे का ते शोधायला वेगळा माणूस आला होता. तळघरात रेडॉन वायू मोजला. मजा म्हणजे वाळवीही बघतात, लाकडी घरं ना.

पण भक्तिभाव नको. २०२१ च्या आसपास घरांवर अशा उड्या पडत होत्या की आमच्या ओळखीतल्या तिघांनी "तपासणी नको" असं स्वतःहून लिहून दिलं, नाहीतर घर मिळेना. आणि इन्स्पेक्टर भिंतीच्या आत बघत नाही. आमच्या रिपोर्टमध्ये ४८ पानं होती, दुसऱ्या वर्षी फुटलेल्या पाइपाचा त्यात उल्लेख नव्हता. त्याची जबाबदारी? करारात बारीक अक्षरात: फीच्या रकमेपुरती.

घाटमाथा | ५ जून, रात्री १०:००

रो हाउस घेणाऱ्यांसाठी जाता जाता. आमचं सोलापूरला, काळ्या मातीत. मे महिन्यात बघितलं तेव्हा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा, बोट जाईल एवढ्या. मालक म्हणाला उन्हाने. जुलैत परत गेलो तर भेगा जवळपास मिटलेल्या! मालक खूश. आमच्या बरोबरचा मिस्त्री म्हणाला, हेच तर वाईट. माती फुगते-आकसते, पाया तिच्यावर वरखाली होतोय. सोडून दिलं.

पाटपाणी | ५ जून, रात्री १०:२०

भेगा मिटल्या म्हणून घर सोडलेला पहिला माणूस बघितला.

काळाकोट | ६ जून, सकाळी १०:१०

१४ हजारांवर एवढा काथ्याकूट चाललाय म्हणून हिशेब मांडतो. पुण्यात ९५ लाखांच्या दस्तावर ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ६ लाख ६५ हजार. दस्त एकट्या बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट. नोंदणी फी ३० हजार. एजंटाला एक टक्का म्हटलं तरी ९५ हजार. यातला एकही पैसा घरात ओल आहे का ते सांगत नाही, आणि त्याबद्दल कुणी धागाही काढत नाही.

रानजाई | २१ जून, रात्री ११:३०

माफ करा, गायब झाले होते. सांगण्यासारखं बरंच आहे.

सिव्हिलकाकांनी सांगितलं तसं काकांना सरळ सांगितलं. ते दोन क्षण गप्प झाले, मग म्हणाले, "आणा की. मीही बघतो काय म्हणतो ते." विसार दिला नव्हताच. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर आले, बरोबर एक मुलगा. तीन तास होते. काका पूर्ण वेळ त्यांच्या मागे-मागे, गच्चीवरसुद्धा.

पार्किंगचे कॉलम ठीक निघाले. ध्वनीच्या चाचणीत सगळे आकडे ३.६ च्या वर. मी खूश. मग बेडरूममध्ये दिवा उतरवला.

वर स्लॅबला ओलीचा मोठा नकाशा. आणि खिडकीकडच्या बीमचा गिलावा साधारण चार फूट सुटलेला, हातोडीच्या टोकाने हात लावला तर बद्द. एका जागी खपली पडून सळई दिसत होती, तांबडीलाल. फवारलं तर रंग आलाच नाही. गच्चीवर बरोबर त्याच जागी कोब्याला भेग आणि पावसाळी पाइप पाल्याने गच्च.

काका खुर्चीवर बसले. म्हणाले, "ओल होती हे मला माहीत होतं. रंगारी म्हणाला पीओपी करून टाकू, छान दिसेल. सळई निघालीय हे त्याने सांगितलं नाही." माझा त्यांच्यावर विश्वास बसला. नवऱ्याचा अर्धा बसला.

इंजिनिअरांचं म्हणणं, इमारत पडायला आलेली नाही. बीम दुरुस्त होईल: सैल भाग काढायचा, सळई घासून गंजरोधक लावायचं, पॉलिमर मॉर्टर भरायचं. पण गच्चीचं वॉटरप्रूफिंग पूर्ण झाल्याशिवाय आतलं काम म्हणजे पैसे पाण्यात. आणि गच्ची सोसायटीची. इतिवृत्तं मिळाली. गच्चीचा विषय दोन वर्षं "पुढील सभेत घ्यावा". खालच्या मजल्यावरचे म्हणतात आम्हाला गळत नाही.

काळाकोट | २२ जून, सकाळी ९:१५

गळत नाही म्हणून वर्गणी नाही, हे चालत नाही. पावसाच्या गळतीची दुरुस्ती, आणि त्यामुळे वरच्या मजल्याच्या छताचा, गिलाव्याचा झालेला बिघाड, हा उपविधींप्रमाणे सोसायटीचा खर्च आहे. काकांना लेखी अर्ज द्यायला सांगा. तो विकणारा असला तरी आज सभासद तोच आहे.

रानजाई | २ जुलै, रात्री १०:०५

अर्ज दिला. कमिटी म्हणाली दिवाळीनंतर. आम्ही काकांना म्हटलं, गच्चीचा ठराव लेखी होऊ दे किंवा साडेतीन लाख कमी करा. काका विचार करतो म्हणाले. तेवढ्यात एजंटवाली ती दुसरी पार्टी खरंच निघाली. आत्तापर्यंत मला वाटत होतं ती काल्पनिक आहे. त्यांनी पूर्ण ९५ कबूल केले, दोन लाख विसार त्याच दिवशी. काकांनी मला स्वतः फोन केला. आवाज पडलेला होता. म्हणाले, "मुलगा घाई करतोय, बेटा."

मध्यमवर्गीय | २ जुलै, रात्री १०:३०

म्हणजे घरही गेलं आणि चौदा हजारही गेले. मी काही बोलत नाही.

ताकभात | २ जुलै, रात्री १०:४०

बोललात की.

चिंचपोकळी_लोकल | २ जुलै, रात्री ११:१०

ताई, सोनमोहोर सगळीकडे असतो.

रानजाई | २४ जुलै, रात्री ९:२०

धागा वर काढते, सल्ला हवाय.

गेल्या आठवड्यातल्या पावसात त्या बेडरूमच्या पीओपीवर डाग उमटला. नव्या पार्टीचं साठेखत अजून व्हायचंय. काकांनीच त्यांना सांगितलं की आधीच्या मुलीने इंजिनिअर आणला होता. आज त्या बाईंचा मला फोन आला. रिपोर्ट मागतायत. अर्धे पैसे, सात हजार, देऊ करतायत.

नवरा म्हणतो, पूर्ण चौदा माग. सासरे म्हणतात, फुकट दे, पैसे काय घ्यायचे. (तेच सासरे, हातोडीवाले. परवा ते एक घर बघायला गेले तर स्वतःच नाणं घेऊन भिंती वाजवत होते.) मला भीती ही की मी रिपोर्ट दिला आणि त्यांचा व्यवहार मोडला तर काकांना काय वाटेल?

सिव्हिलकाका | २४ जुलै, रात्री १०:००

काकांनी स्वतः तुमचं नाव सांगितलंय ना, मग त्यांना काय वाटायचं ते वाटून झालेलं आहे. द्या. पण रिपोर्टवर तुमचं नाव आणि तपासणीची तारीख आहे तशीच ठेवा, आणि त्यांना सांगा की तेव्हा पाऊस पडायचा होता. बीम त्यांनी परत उघडून बघावा.

काळाकोट | २४ जुलै, रात्री १०:२५

इंजिनिअरला आधी विचारा. रिपोर्टवर "फक्त ग्राहकाच्या वापरासाठी" असं बहुधा छापलेलं असतं. त्यांची हरकत नसेल तर सात हजार घ्या आणि पावती द्या.

पाटपाणी | २४ जुलै, रात्री १०:३०

आणि पोहे कोण करणार ते आधी ठरवून घ्या.

रानजाई | २६ जुलै, सकाळी ८:४५

इंजिनिअरांनी हो म्हटलं. रिपोर्ट पाठवला, सात हजार घेतले, पावती दिली. रविवारी त्या बाई, त्यांचे मिस्टर आणि तेच इंजिनिअर परत गच्चीवर जाणार आहेत. मलाही बोलावलंय, कोणती भेग ते दाखवायला.

आणि वारज्याला एक बघितलाय. २००३ चा, दुसरा मजला, वर माणसं राहतात. बघायला गेले तेव्हा धो धो पाऊस होता, मुद्दाम गेले. बाथरूमच्या छतावर एक ओलसर डाग आहे. वरच्या मजल्याची बेल वाजवली. दार उघडलं त्या आजी म्हणाल्या, "तुम्ही तिसऱ्या. सगळ्यांना सांगितलं, नहाणीचा ट्रॅप बदलायचाय. आत या, चहा टाकते."